गुडघ्याचं तेल

धाकटी सोशिक आहे, असं सगळं घराणं म्हणायचं. सोशिक बाई आणि टपून बसलेली बाई यांच्यातला फरक घराण्याला कधी कळला नाही, आणि धाकटीनेही तो समजावून सांगायची तसदी घेतली नाही. सहा वर्षं ती गप्प होती. सहा वर्षं थोरल्या जावेच्या घरी जाऊन तिची खोकी फोडत होती, बाटल्या पुसून फळीवर लावत होती आणि वर "वहिनी, तुमच्यासारखं बोलायला कुणाला जमणार?" असंही म्हणत होती. हे शेवटचं वाक्य म्हणताना जीभ झडत कशी नाही याचं तिचं तिलाच नवल वाटायचं.

धंदा घरात आणला तो थोरलीने. कंपनीचं नाव काय करायचंय? फरशी पुसायचं द्रावण, दातांची पेस्ट, केसांचं तेल, सांध्यांचं तेल, दुधात घालायची भुकटी. यातलं काहीही दुकानात मिळायचं नाही. बाईने बाईला विकायचं आणि जिने घेतलं तिलाही विकायला लावायचं. ती जे विकेल त्यातला थेंबभर वाटा वरच्या बाईला. ती आणखी कुणाला आणेल, तिच्यातलाही थेंबभर. अशा चाळीस-पन्नास बायका खाली जमल्या की वरच्या बाईने घरात पाय पसरून बसावं, आणि महिन्याच्या महिन्याला बँकेत पैसे आपोआप पडत राहावेत. थोरली हे सांगायला लागली की ऐकणारीला आपला नवरासुद्धा जरा बरा वाटायला लागायचा, इतकं ते चित्र गुलाबी असायचं.

नियम मात्र एक होता, आणि तो गुलाबी नव्हता. दर महिन्याला आपल्या स्वतःच्या नावावर निदान एक ऑर्डर टाकायची. महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत ती पडली नाही, तर आपण साखळीतून बाहेर आणि आपल्या खालच्या सगळ्या बायका आपल्या वरच्या बाईच्या खाली. कायमच्या. बायका याला 'गळणं' म्हणायच्या. "ती नर्सबाई गळली बरं का," असं कुणी सांगितलं की ऐकणाऱ्या हळहळायच्या आणि घरी जाऊन आधी स्वतःची ऑर्डर पडली का ते बघायच्या.

थोरलीने पहिला फॉर्म भरला तेव्हा कंपनीच्या मॅडमनी तिला डोळा मिचकावून एक युक्ती सांगितली होती. घरातल्याच कुणाला तरी वर घाला आणि तुम्ही त्यांच्या खाली या, म्हणजे तुमच्या विक्रीचा वरचा वाटाही घरातच राहील. थोरलीचा नवरा सरकारी नोकर, त्याचं नाव चालायचं नाही. मग सासूबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या, त्यांच्यापुढे कागद धरला. "आई, इथे सही करा." सासूबाईंनी हात पुसले आणि सही केली. कसली सही हे त्यांनी विचारलं नाही आणि थोरलीने सांगितलं नाही.

युक्ती वर्षभर चालली. पुढे थोरली कंपनीत मोठी झाली. खालची बाई वरचीच्या पुढे गेली की वरचीला तिच्यातलं काही मिळत नाही, असाही एक नियम निघाला. सासूबाईंचं नाव साखळीच्या झाडाच्या शेंड्यावर तसंच राहिलं, कोरड्या नळासारखं. थोरली त्यांच्या नावावर महिन्याला सांध्यांच्या तेलाची एक बाटली तेवढी मागवत राहिली; बाटली यायची ती तिच्याच घरी. "आईंचे गुडघे दुखतात ना, मी दर महिन्याला तेल पाठवते," असं बैठकींत सांगता यायचं. ते ऐकून बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि बऱ्यापैकी तेल खपायचं.

सासूबाई राहायच्या मात्र धाकटीकडे. दोन खोल्यांच्या घरात, खिडकीजवळच्या खाटेवर.

धाकटी या धंद्यात पडली ती नवऱ्याचा छापखाना बंद पडल्यावर. थोरलीच्या खालीच आली, दुसरीकडे जाणार कुठे? तिला स्वप्नं विकता येत नसत. 'परदेशवारी' हा शब्द उच्चारताना ती अडखळायची. ती एवढंच करायची: दुसरीच्या स्वयंपाकघरात जायची, शेगडीमागची एकच फरशी घासायची, हात धुवायची आणि निघून यायची. एकच फरशी. ती एक चकचकीत झाली की शेजारच्या सगळ्या इतक्या मळकट दिसायच्या की त्या बाईला जेवण गोड लागायचं नाही. दोन दिवसांत निरोप यायचा.

अशा तिने अडीच वर्षांत बेचाळीस बायका जोडल्या. शिवणकाम करणारी बाई, रात्रपाळीची नर्स, ग्रंथालयातली कारकून, दोघी बहिणी ज्या एकमेकींशी बोलत नव्हत्या पण दोघी धाकटीशी बोलायच्या. कुणाच्या हाताला द्रावणाने खाज सुटते, कुणाच्या नवऱ्याला वास चालत नाही, हे तिला तोंडपाठ. बेचाळीस घरांचे जिने तिच्या पायांना माहीत होते. त्या थेंबांवर घर चालायला लागलं होतं.

आणि मग तिच्या पोटात खडे निघाले.

सव्वीस तारखेला दुखायला लागलं, अठ्ठावीसला ऑपरेशन ठरलं. तिने ऑर्डरची चिठ्ठी आणि पैसे एका पाकिटात घातले, पाकीट चिकटवलं आणि दवाखान्यात भेटायला आलेल्या थोरलीच्या हातात दिलं.

"वहिनी, तीस तारीख चुकू देऊ नका हं. माझ्या सगळ्या बायका आहेत खाली."

थोरली संत्रं सोलत होती. एक फोड तिच्या ओठांना लावून ती म्हणाली, "अगं, तू निवांत पड. मी आहे ना."

धाकटी निवांत पडली. तिच्या आयुष्यातला हा शेवटचा निवांतपणा. एक तारखेला पोटाचे टाके ओढत असताना फोनवर कंपनीचा संदेश आला, की आपलं सदस्यत्व संपलं आहे आणि आपण दिलेल्या सहकार्याबद्दल आभार.

"अगं, विसरलेच गं!" थोरलीने कपाळाला हात लावला. "तुझ्या आजारपणाच्या धावपळीत डोक्यातून पार निघूनच गेलं. मी कंपनीत भांडले, पण ते ऐकायला तयार नाहीत. नियम म्हणजे नियम, म्हणतात. आता काय करायचं?"

धावपळीत ती दवाखान्यात दोनदा आली होती. त्याच तीस तारखेला तिची स्वतःची ऑर्डर पडली होती आणि तिने हाताखालच्या आणखी सतरा बायकांच्या टाकल्या होत्या. धाकटीच्या बेचाळीस जणी खाली येताच ती एक पायरी वर चढली आणि दोन महिन्यांत दारात गाडी आली. पाकीट तिने परत दिलं. चिकटवलेलं, जसंच्या तसं. उघडूनही पाहिलं नव्हतं. पैशाला हात लावला नाही, एवढा प्रामाणिकपणा तिच्याकडे होता.

धाकटीचा नवरा म्हणाला, "जाऊ दे. घरातच गेलं ना?"

धाकटीने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढची दोन वर्षं त्या गृहस्थाने 'जाऊ दे' हे शब्द तोंडातून काढले नाहीत.

ती रडली नाही, भांडली नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण तिने ती तिथेच कोंडून ठेवली. केसाने गळा कापला होता थोरलीने, आणि वर संत्रंही भरवलं होतं! धाकटीने ते पाकीट कपाटात कपड्यांखाली ठेवलं आणि पंधरा दिवसांनी थोरलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"वहिनी, मला परत घ्या. अगदी खालून सुरुवात करते. तुमच्या हाताखाली राहीन."

नातलगांनी नाकं मुरडली. लाज कशी नाही म्हणाले. शिवणवाली बाई तर तोंडावर म्हणाली, "तुमच्या जागी मी असते तर तिच्या दारावर थुंकलेही नसते." धाकटी म्हणाली, "मीही थुंकणार नाही." शिवणवालीला वाटलं, ही मवाळ आहे.

थोरलीला मात्र बरंच वाटलं. मन खात असेल थोडंसं, आणि खोकी उचलायला माणूसही हवं होतं. तिने धाकटीला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि ऑर्डरी कशा भरायच्या ते दाखवलं. पडद्यावर सगळं झाड उघडलं. खाली बारीक अक्षरांत शेकडो बायका, त्यांतल्या बेचाळीस धाकटीला नखासारख्या ओळखीच्या. त्यांच्यावर थोरली. आणि थोरलीच्या वर, एकटंच, सासूबाईंचं नाव.

धाकटी त्या नावाकडे पाहत राहिली.

"हे काय, आई अजून आहेत इथे?"

"अगं, ते जुनं लचांड. काही उपयोग नाही त्याचा. बंदच करते या महिन्यापासून, उगीच बाटलीचा खर्च."

धाकटीने बिळाशी टपलेल्या मांजरीसारखा श्वास रोखला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "असू दे ना, वहिनी. गुडघ्यांना लागतं त्यांच्या. मी टाकत जाईन त्यांची ऑर्डर, माझ्या पैशातून."

थोरली हसली. "तुझी हौस!"

मोठी झालेली माणसं खालचं सगळं बघतात. वर काय आहे ते बघायची त्यांना सवय राहत नाही. थोरलीने त्या दिवशी जी चूक केली ती चूक म्हणून तिच्या लक्षातही आली नाही.

मग दर महिन्याला सांध्यांच्या तेलाची एक बाटली धाकटीच्या घरी येऊ लागली. थोरलीला काही शंका यायला नको, म्हणून धाकटी ते खरोखरच सासूबाईंच्या गुडघ्यांना लावू लागली. रोज संध्याकाळी पाचला. वाटीत तेल कोमट करायचं, खाली बसायचं, आधी उजवा गुडघा, मग डावा. थोरली कधी अवचित आली तर तिला हे दृश्य दिसायचं आणि ती लगेच फोनवर फोटो काढायची. बैठकीत दाखवायला.

सासूबाई म्हणजे काही देवघरातली समई नव्हती. तरुणपणी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं नोकरी केलेली. गावभराची बोलणी कानावरून गेलेली आणि पोटात राहिलेली. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "हे काय नवीन?"

"तेल आलंय आई, वाया कशाला घालवायचं?"

"वास घाणेरडा आहे."

"दुसऱ्यांदा येणार नाही वास. सवय होते."

पहिल्या वर्षी धाकटी चोळताना मनात एकच गोष्ट घोळवायची: अजून एक महिना, अजून एक बाटली, नाव जिवंत. दुसऱ्या वर्षी सासूबाई बोलायला लागल्या. एक्स्चेंजमधल्या गोष्टी सांगायच्या. कोण साहेब रोज दुपारी कुणाला फोन लावायचा, कोण बाई नुसती रिसीव्हर धरून रडायची. धाकटी हसता हसता तेल सांडायची. तिसऱ्या वर्षी तिला हाताला कळायला लागलं की आज गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या बाजूला दुखतंय, आज पोटरीपर्यंत ओढतंय. सासूबाई सांगायच्या आधीच तिचा अंगठा तिथे गेलेला असायचा. एकदा धाकटी तापाने पडली, तर सासूबाई पाच वाजता खाटेच्या कडेला येऊन बसल्या आणि नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या. तेल बाटलीतच होतं.

तिकडे थोरली चढत होती. आता तिला व्यासपीठं मिळत होती. 'माझी ही धाकटी जाऊ, तिला मी शून्यातून उभं केलं,' असं ती माईकवरून सांगायची, आणि धाकटी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची. ऑर्डरी, पासवर्ड, कंपनीचे संदेश येणारा फोन, सगळी कटकट थोरलीने धाकटीच्या गळ्यात टाकली. "मी आता मोठा विचार करते गं. हे बारीकसारीक तू बघ." धाकटी डोळ्यांत तेल घालून बघत होती.

तिने घाई केली नाही. पहिल्याच वर्षी ती थोरलीला गळू देऊ शकली असती. पण मग थोरली उठून पुन्हा उभी राहिली असती, तेवढी धमक होती तिच्यात. धाकटीला तिला पहिल्या पायरीवरून ढकलायचं नव्हतं.

शेवटी ते वर्ष आलं. सलग बारा महिने वरच्या श्रेणीत राहिलं की कंपनी मुकुट देणार होती आणि त्याबरोबर आयुष्यभराचं उत्पन्न. मग ऑर्डर टाका न टाका, गळायची भीती नाही, मेल्यावर मुलांना. थोरलीचे अकरा महिने झाले. बाराव्याच्या शेवटच्या दिवशी दूरच्या एका शहरात मोठा सोहळा होता. तिच्या स्वतःच्या नावाची एक ऑर्डर तेवढी पडायची होती.

दुपारी चारच्या सुमारास तिचा फोन आला. मागे बँड वाजत होता.

"अगं, माझी ऑर्डर टाकलीस ना? साडेचारला मला वर बोलावणारेत. मुकुट बघ, असा खड्यांचा आहे ना!"

धाकटी स्वयंपाकघरात तेल कोमट करत होती. बोलायला तिला जराही अडखळायला झालं नाही. सहा वर्षं ती हे वाक्य तोंडात घोळवत होती.

"तुम्ही निवांत राहा, वहिनी. मी आहे ना."

पाच वाजायला वीस मिनिटं असताना ती वाटी घेऊन खाटेपाशी बसली. थोरलीचा तो कंपनीच्या संदेशांचा फोन तिने खाटेवर, सासूबाईंच्या पायांशी ठेवला. उजवा गुडघा. फोन वाजला, कंपनीचा इशारा, वीस मिनिटं उरली. तिने चोळणं थांबवलं नाही. पाचला दहा मिनिटं असताना पुन्हा वाजला.

"कुणाचा गं सारखा वाजतोय?"

"कंपनीचा, आई."

"घे की मग."

"बघते नंतर."

डावा गुडघा. एक बोट लावलं असतं तर पुरलं असतं. पडद्यावर ऑर्डर भरून तयार होती, बटण तेवढं दाबायचं होतं. तिला वाटलं होतं या वेळी संत्र्याचा वास आठवेल, टाके आठवतील, राग येईल. राग आला नाही. गोड वाटलं. इतकं गोड तिला आयुष्यात काही लागलं नव्हतं आणि त्याची लाजही वाटली नाही. पाचला एक मिनिट असताना फोन तिसऱ्यांदा वाजला, आणि पाच वाजल्यावर गप्प झाला.

"हात थरथरतोय तुझा," सासूबाई म्हणाल्या.

"दमले थोडी."

थोरली तिसऱ्या दिवशी आली. मुकुट पिशवीत होता, तो एकदा दिल्यावर कुणी परत मागितला नव्हता. आयुष्यभराच्या उत्पन्नाचा कागद मात्र मिळाला नाही. कंपनीशी भांडून भांडून तिचा घसा बसला होता. कंपनीच्या माणसाने तिला तिचंच जुनं वाक्य ऐकवलं होतं: नियम म्हणजे नियम. शेकडो बायका, त्या बेचाळीस जणींसकट, आता सासूबाईंच्या खाली होत्या. आणि सासूबाईंचं वय पाहून कंपनीने एक फॉर्म पाठवला होता. ही साखळी यापुढे कोण चालवणार आणि कुणाला मिळणार, ते एक नाव लिहायचं आणि खाली सही करायची.

फॉर्म खिडकीत होता, रिकाम्या बाटलीखाली दाबून ठेवलेला.

"टाकली नाहीस ना तू?" थोरली दारातूनच म्हणाली. "मुद्दाम टाकली नाहीस!"

"विसरलेच, वहिनी," धाकटी म्हणाली. "आईंच्या तेलाच्या गडबडीत डोक्यातून पार निघूनच गेलं."

मग ती उठली, कपाटातून ते जुनं पाकीट काढलं आणि थोरलीच्या हातात दिलं. थोरलीने ते उलटसुलट करून पाहिलं. ओळखायला तिला थोडा वेळ लागला, आणि ओळखल्यावर तिचा चेहरा पांढरा पडला. धाकटीने तो चेहरा मन भरून पाहिला. नवरा बाहेरच्या खोलीत होता. त्याने आवाज ऐकून चपला घातल्या आणि तो भाजी आणायला निघून गेला.

थोरली काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने पाकीट खाली टाकलं आणि सरळ सासूबाईंच्या पायांशी जाऊन बसली.

"आई, तुम्ही मला पहिल्यापासून ओळखता. हे सगळं मी उभं केलंय. माझं नाव लिहा. एक सही करा फक्त."

सासूबाईंनी खिडकीतल्या फॉर्मकडे पाहिलं.

"हिने तुम्हाला वापरलं, आई! कळतंय का तुम्हाला? तुमचं नाव वर राहावं म्हणून दर महिन्याला बाटली मागवायची. तुम्हाला वाटतं तुमची सेवा करत होती? ती तुमचे गुडघे नव्हती चोळत, तुमचं नाव चोळत होती!"

धाकटीने खाली पडलेलं पाकीट उचललं.

सासूबाईंनी थोरलीकडे पाहिलं. "सहा वर्षांपूर्वी हिचं पोट फाडलं होतं, तेव्हा हिची ऑर्डर तू टाकली नाहीस."

"मी विसरले होते, आई."

"मी एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलीत. विसरलेल्या माणसाचा आवाज कसा असतो मला माहीत आहे. त्या महिन्यात तू माझ्यासमोर बसून मॅडमना फोनवर विचारत होतीस, की बेचाळीस खाली आल्या तर गाडी मिळेल का. मी वाटाणे सोलत होते म्हणून मला ऐकू येत नाही, असं तुला का वाटलं?"

थोरली उठली. पिशवी तिच्या खांद्यावरून घसरली आणि मुकुट आतल्या आत खुळखुळला.

"पेन दे," सासूबाई धाकटीला म्हणाल्या.

धाकटीने पेन दिलं. सासूबाईंनी फॉर्म मांडीवर घेतला, चष्मा लावला आणि त्या रकान्यात धाकटीचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, वळणदार. खाली सही केली. या वेळी आधी सगळा कागद वाचला, मगच केली.

थोरली गेली. जाताना तिने दार आपटलं नाही, आणि ते धाकटीला फार आवडलं. जिन्यावरून तिच्या पावलांचा आवाज खालीखाली जात होता, आणि धाकटी प्रत्येक पायरी मोजत होती. बेचाळीस परत आल्या होत्या. बेचाळीसच नाही, शेकडो. आता तिने घरात पाय पसरून बसावं. तिला वाटलं, ओरडावं. खिडकी उघडून सगळ्या गल्लीला सांगावं की बघा, सोशिक बाई अशी असते!

घड्याळात पाच वाजत आले होते. तिने सवयीने तेल कोमट केलं, वाटी घेऊन आली आणि खाटेपाशी खाली बसली. सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याकडे हात नेला.

सासूबाईंनी पाय मागे घेतला.

"नको."

"आई, पाच वाजले."

"त्या दिवशीही पाच वाजले होते. फोन वाजत होता आणि तू चोळत होतीस. तुझा हात थरथरला तेव्हा मला वाटलं, दमली पोर. मी मनातल्या मनात म्हटलं, उद्यापासून हिला एकच गुडघा चोळायला सांगायचं." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "तिच्यापेक्षा तू बरी, म्हणून सही केली. तुझं तुला परत मिळालं, ते योग्यच झालं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही."

धाकटीच्या मनात उत्तर तयार होतं. ऑर्डर टाकली की काम होत होतं, आई. बाटली फेकून दिली असती तरी नाव वर राहिलंच असतं. चोळायची काहीच गरज नव्हती. हे खरं होतं. आणि सुरुवातीला तिने चोळलं ते थोरलीला शंका येऊ नये म्हणून, हेही खरं होतं. कोणत्या संध्याकाळी एक संपून दुसरं सुरू झालं, ते तिला सांगता येत नव्हतं. बेचाळीस बायकांचे हात तिला आठवत होते, पण तो दिवस आठवत नव्हता.

"आई, मी..." ती म्हणाली.

"वाटी ठेव तिथे."

तिने वाटी खाटेवर ठेवली. सासूबाईंनी दोन बोटं तेलात बुडवली आणि कण्हत पुढे वाकल्या. हात गुडघ्याच्या वाटीपर्यंत पोचत नव्हता, तेल नडगीवरून ओघळत होतं. धाकटी बाजूला उभी होती, हात पुढे करून, आणि तिला नेमकं ठाऊक होतं की आज आतल्या बाजूला दुखतंय.

"थोडं आत, आई," ती म्हणाली.

"कळतंय मला," सासूबाई म्हणाल्या, आणि भलत्याच जागी चोळत राहिल्या.